मोडीत घालण्याआधी : आजीच्या चांदीच्या तांब्याचा एक पाठ



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो आमच्या घरच्या कपाटातून निघाला.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांचं म्हणजे माझ्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. पैशांची जुळवाजुळव सुरू झाली. तेव्हा दादाने आजीच्या चांदीच्या भांड्यांचा विषय काढला. एक ताट, दोन वाट्या, एक फुलपात्र, एक तांब्या आणि एक छोटं बोंडलं, एवढा तो सगळा ऐवज. सोनाराने भांडी काट्यावर ठेवली, आकडा सांगितला आणि म्हणाला, "ताई, नक्षीचं वेगळं काही धरता येत नाही. मोडीत वजनाचेच पैसे. त्यातून घट जाणार."

त्याचं काही चुकलं नाही. हा व्यवहारच तसा आहे. नवीन भांडं घेताना आपण घडणावळ मोजतो, मोडताना घडणावळ शून्य होते. पण ते वाक्य ऐकून माझ्या मनात आलं, की ज्याची किंमत शून्य धरली ते नेमकं काय आहे हे मला तरी कुठे माहीत आहे? तीस वर्षं हा तांब्या मी फक्त पुसला होता, पाहिला कधीच नव्हता.

मी दादाकडे आठ दिवस मागितले आणि तांब्या आणि ताट शाळेत घेऊन गेले.

पाठाचा उद्देश

वस्तू नीट पाहणे, तिला प्रश्न विचारणे, आणि करणाऱ्याच्या हाताची कल्पना करणे. इयत्ता चौथी. वजनाच्या भागासाठी सातवीची मुलं बोलावली. एकूण चार तासिका लागल्या.

एक सूचना आधीच देते. मुलांना घरून चांदीची भांडी आणायला सांगू नका. हरवलं तर मोठा प्रश्न होतो. एक भांडं शिक्षकाने आणावं, मुलांनी घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हाच अभ्यास करावा.

पहिली तासिका : फक्त पाहायचं

तांब्या टेबलावर ठेवला. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. नंतर प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, पण "छान आहे", "सुंदर आहे" हे शब्द चालणार नाहीत. या एका नियमाने वर्गात खूप फरक पडतो. मुलं "छान"च्या मागे लपतात, आपण मोठेही लपतो.

मग उत्तरं आली. "पोट फुगलंय." "गळा आवळलाय." "काठ बाहेर वळलाय." "खाली पाय नाही, पण हलत नाही." "गळ्याला पाकळ्या आहेत." "काळं काळं आहे मधे मधे."

प्रत्येक उत्तराला मी एकच प्रश्न विचारला, "का बरं?"

पोट का फुगलंय? पाणी जास्त मावतं, आणि वजन खाली राहिल्यामुळे तांब्या कलंडत नाही. गळा का आवळलाय? एका मुलीने तांब्या उचलून दाखवला. तिची बोटं गळ्याभोवती बसली आणि काठाखाली अडकली. ओल्या हाताने धरला तरी निसटत नाही. काठ बाहेर का वळलाय? धार नीट पडते, आणि पत्रा वळवल्यामुळे काठ मजबूत होतो, हाताला किंवा ओठाला कापत नाही. म्हणजे आपण ज्याला 'आकार' म्हणतो तो बराचसा उपयोगातूनच आलेला आहे. नक्षी नंतरची.

इथे मी बोंडल्याचा फोटो दाखवला. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं हे चोच असलेलं भांडं. आताच्या मुलांना ते माहीतच नव्हतं. चोच निमुळती, टोकाला गोल केलेली, कुठेही धार नाही. दूध बारीक पडावं आणि बाळाच्या हिरडीला लागू नये, एवढ्या दोन गरजा. त्या दोन गरजा त्या चोचीत दिसतात. चांगली रचना म्हणजे काय, हे शिकवायला बोंडल्याइतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

दुसरी तासिका : चांदीचा स्वभाव

भांडं समजायचं तर धातूचा स्वभाव कळायला हवा.

शुद्ध चांदी मऊ असते. म्हणून भांड्यांसाठी तिच्यात थोडं तांबं मिसळतात. इंग्लंडमध्ये ज्याला स्टर्लिंग म्हणतात त्या चांदीत १००० भागांत ९२५ भाग चांदी असते. आपल्याकडच्या जुन्या भांड्यांत प्रमाण वेगवेगळं सापडतं. आमच्या तांब्याची गोष्ट आजी सांगायची, ती अशी, की तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी तीस कलदार रुपये सोनाराला दिले आणि त्यांचाच हा तांब्या घडवून घेतला. तेव्हा ही पद्धत सर्रास होती. घरचे रुपये द्यायचे, वर मजुरी द्यायची. कारण त्या काळचा रुपयाच चांदीचा होता. एका रुपयाचं वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली.

दुसरा स्वभाव उष्णतेचा. सर्व धातूंमध्ये चांदी उष्णतेची सर्वांत चांगली वाहक. चांदीच्या वाटीत गरम खीर वाढली की वाटी लगेच हाताला चटका देते, ते यामुळे. इंग्लंडच्या जुन्या चांदीच्या चहादाण्यांचे कान बघा. बरेचदा ते लाकडाचे असतात, किंवा चांदीच्या कानात दोन ठिकाणी हस्तिदंताच्या चकत्या बसवलेल्या असतात. शोभेसाठी नाहीत त्या, हात भाजू नये म्हणून उष्णता तिथे अडवलेली आहे. वर्गात मी साधा प्रयोग केला. स्टीलचा आणि चांदीचा चमचा एकाच वेळी कोमट पाण्यात ठेवला आणि मुलांना टोकाला बोट लावायला सांगितलं. आधी कोणता गरम झाला ते विचारावं लागलं नाही. (पाणी कोमटच घ्या, उकळतं नको.)

तिसरा स्वभाव मिठाचा. मीठ चांदीला खातं. म्हणून युरोपात मिठाच्या चांदीच्या भांड्यांना आतून सोन्याचा मुलामा देत किंवा आत काचेची वाटी बसवत. आमची आजी चांदीच्या ताटात मीठ वाढताना आधी केळीच्या पानाचा तुकडा ठेवायची. लहानपणी मला तो सोवळ्याचा प्रकार वाटायचा. आता कळलं, की ते व्यवहारज्ञान होतं.

चौथा स्वभाव काळं पडण्याचा. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो. अंडं, कांदा, रबर यांच्या सहवासात तो लवकर येतो. म्हणून चांदी रबरबँड लावून ठेवू नये.

तिसरी तासिका : हात शोधायचा

आता तांब्या कसा घडला? रुपये मुशीत वितळवले. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. लगड ओतली, ठोकून पत्रा केला. मग तो सपाट पत्रा लोखंडी आधारावर ठेवून फिरवत फिरवत ठोकायचा, आणि हळूहळू वर उचलत न्यायचा. चांदी मार खाऊन ताठर होते, पुढे ठोकलं तर तडा जातो. म्हणून मधे मधे ती तापवून पुन्हा मऊ करायची, पुन्हा ठोकायची. एका भांड्यासाठी हे कितीतरी वेळा. पोट मोठं आणि गळा लहान, म्हणजे पोटापाशी पत्रा पसरवायचा आणि गळ्यापाशी आकसवायचा. आकसवणं जास्त अवघड. मी मुलांना एक गोल कागद दिला आणि कात्री-गोंदाशिवाय त्याची वाटी करा म्हटलं. सगळ्यांच्या कागदाला चुण्या पडल्या. "सोनाराने या सगळ्या चुण्या हातोडीने जिरवल्या," एवढं म्हटल्यावर वर्ग गप्प झाला.

मग नक्षी. उठावाच्या नक्षीसाठी भांड्यात राळ भरतात. राळेत विटेची पूड आणि थोडं तेल मिसळलेलं असतं. त्यामुळे आतून आधार मिळतो आणि ठोकताना पत्रा फाटत नाही. बाहेरून लहान लहान ठशांनी आजूबाजूचा भाग दाबला की पाकळी वर येते. काम झालं की तापवून राळ काढून टाकायची. यात चांदी निघून जात नाही, फक्त सरकते. कोरीव कामात मात्र टोकदार हत्याराने चांदी खरवडून काढतात.

दोन्ही कसं ओळखायचं? बोट आत घालायचं. ठोकलेली नक्षी आतून उलटी हाताला लागते, कोरलेली लागत नाही. प्रत्येक मुलाने तांब्याच्या गळ्यात बोट घालून पाहिलं. ही दहा मिनिटं वर्गात कसलाही आवाज नव्हता.

हाताने घडवलेल्या भांड्याच्या आणखी खुणा :

१. आतल्या बाजूला हातोडीचे बारीक चपटे ठसे दिसतात. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मुद्दाम ठेवलेले मठाराचे ठोके आपण पाहतो, त्याचंच हे भावंड. चांदीत ते बाहेरून घासून घालवलेले असतात.

२. पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी नसते.

३. यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्याच्या आत एकात एक गोल रेषा दिसतात. ठशाच्या यंत्रात दाबलेल्या भांड्यांची नक्षी एकसारखी असते, जोडीतली दोन भांडी तंतोतंत सारखी.

नक्षी मोजायला सांगितली. गळ्याभोवती सतरा पाकळ्या. एका मुलाने बोट ठेवलं, "बाई, ही पाकळी बारीक आहे. कारागीर चुकला." मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना वहीत थाळीएवढं वर्तुळ काढून कडेने सारख्या सतरा पाकळ्या काढायला लावल्या, पट्टी-कोनमापक न घेता. शेवटच्या पाकळीला कोणाकडेच जागा पुरेशी उरली नाही, कोणाकडे जास्त उरली. तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "त्याने इथून सुरू केलं आणि इथे संपवलं." बरोबर! ती बारीक पाकळी म्हणजे त्या माणसाच्या कामाची सुरुवात आणि शेवट. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण तो कुठे थांबला ते माहीत आहे.

चौथी तासिका : भांड्यावरचं लिखाण आणि वजन

तांब्याच्या बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी आजीची आद्याक्षरं आणि 'शके १८५९' कोरलेलं आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहेच. लग्नाच्या पंगतीला भांडी गावभर फिरायची, मग ओळखायची कशी? मुलांनी शकात ७८ मिळवले, १९३७ साल आलं. म्हणजे रुपयातली चांदी कमी होण्याआधीचंच. आजीची गोष्ट आणि साल एकमेकांना जुळले.

इथे मी इंग्लंडचं उदाहरण दिलं. तिथे १३०० साली कायदा झाला, की चांदीची तपासणी करून बिबट्याच्या डोक्याचा छाप मारल्याशिवाय ती विकायची नाही. १४७८ पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये तपासणी आणि वर्षाचं अक्षर सुरू झालं. त्या 'हॉल'चा छाप म्हणून 'हॉलमार्क'. पुढे चालत्या सिंहाचा छाप आला. बर्मिंगहॅमचा छाप नांगर, म्हणजे जहाजाचा नांगर. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचा चमचा उलटा केला की शहर, वर्ष, शुद्धता आणि कारागीर असं चारही बाजूंनी तो स्वतःची ओळख सांगतो. भारतात चांदीसाठी भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क २००५ मध्ये सुरू झाला. म्हणून आपली जुनी घरगुती भांडी बहुतेक मुकी असतात. मालकिणीचं नाव असतं, करणाऱ्याचं नसतं.

याला अपवाद आहेत. कच्छमधल्या भूजचे ओमरसी मावजी हे एकोणिसाव्या शतकातले नामांकित रौप्यकार. त्यांच्या चहादाण्या, सुरया, थाळ्या वेलबुट्टीने भरलेल्या असतात आणि खाली 'ओ. एम.' व 'भूज' असा इंग्रजी अक्षरांतला छाप असतो. त्या छापामुळे आज जगभर त्यांचं काम ओळखलं जातं.

मुलींना मी लंडनच्या हेस्टर बेटमनची गोष्ट सांगितली. १७६० मध्ये नवरा वारला. १७६१ मध्ये तिने स्वतःच्या नावाचा 'एच. बी.' हा छाप नोंदवला आणि मुलांच्या मदतीने कारखाना चालवला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगतात. पण तिच्या चहादाण्या, चमचे, मीठदाण्या आज संग्रहालयांत आहेत. साधे आकार, काठाला मण्यांची बारीक ओळ, बाकी जागा मोकळी. किती नक्षी करायची यापेक्षा कुठे थांबायचं हे कळणं, हेही कौशल्यच.

आता वजन. तीस रुपये गुणिले ११.६६ म्हणजे ३४९.८ ग्रॅम. आमच्या तांब्याचं आजचं वजन ३३८ ग्रॅम. मग बारा ग्रॅम चांदी गेली कुठे? मुलांची उत्तरं : वितळवताना आणि कानस मारताना, आणि "तुम्ही घासून घासून!" दोन्ही खरं.

सातवीच्या मुलांनी पुढचा प्रयोग केला. डिजिटल काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवलं आणि काटा शून्य केला. तांब्या दोऱ्याने बांधून, तिरका करून आतली सगळी हवा काढत, पाण्यात पूर्ण बुडवला. बुडाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. काट्याने ३३ ग्रॅम दाखवले. म्हणजे तांब्याने ३३ मिलिलिटर पाणी बाजूला सारलं. ३३८ भागिले ३३, उत्तर साधारण १०.२. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, पितळेची साधारण ८.५. वरून चांदीचा मुलामा दिलेला पितळी तांब्या असता तर काट्याने ४० च्या आसपास दाखवलं असतं. आर्किमिडीजचं तत्त्व पुस्तकात वाचण्यापेक्षा आजीचं म्हणणं खरं निघालेलं पाहण्यात मुलांना जास्त आनंद झाला. (पोकळ किंवा आत राळ-लाख भरलेल्या वस्तूला हा प्रयोग चालत नाही.)

ताटाचा ठसा

ताटाच्या काठावर कोरीव वेल होती. तिच्यावर पातळ कागद ठेवून मुलांनी मेणखडू आडवा फिरवला. वेल कागदावर उतरली. सोळा कागदांत मिळून संपूर्ण काठ झाला. ते कागद जोडून आम्ही वर्गात लावले.

आठव्या दिवशी मी दादाशी बोलले. खरं सांगते, मी घरी जाऊन "काहीही विकायचं नाही" असं म्हटलं नाही. अण्णांचं ऑपरेशन नक्षीपेक्षा मोठं होतं. ताट, वाट्या आणि फुलपात्र मोडीत गेलं. तांब्या आणि बोंडलं ठेवलं. सोनाराने ताट दुमडून काट्यावर ठेवलं तेव्हा दादा बाहेर जाऊन उभा राहिला. अण्णा आता बरे आहेत, रोज संध्याकाळी चालायला जातात.

ताट परत मिळणार नाही. पण त्याची वेल आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. अण्णा एकदा शाळेत आले तेव्हा त्या कागदाजवळ बराच वेळ उभे होते. म्हणाले, "या ताटात मी पन्नास वर्षं जेवलो, ही वेल आज पाहिली."

पालकांसाठी

गरजेला चांदी मोडावी लागते, त्यात लाज नाही. आपल्याकडे चांदी त्यासाठीच साठवतात. पण नुसतं "जुनं झालं, फॅशन गेली" म्हणून जाड हातघडणीचं भांडं देऊन पातळ पत्र्याचं नवीन घेत असाल तर एकदा थांबा. आणि मोडायचंच असेल तर आधी एवढं करा :

- भांड्याचे सहा फोटो काढा : समोरून, वरून, आतून, बुडाचा, नक्षीचा जवळून, आणि लिखाणाचा.
- वजन, उंची, काठाची रुंदी लिहून ठेवा.
- सपाट भाग असेल तर कागदावर ठसा घ्या.
- घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, हे कोणी, कधी, कशासाठी केलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.
- हे सगळं मुलाकडून करून घ्या.

स्वच्छतेबद्दलही थोडं. रांगोळीने, राखेने चांदी घासू नका. दर घासणीला थोडी चांदी जाते आणि नक्षीच्या कडा बोथट होतात. साधा साबण, कोमट पाणी, मऊ फडकं पुरतं. फारच काळं झालं तर भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून चांदी फॉइलला टेकवून थोडा वेळ ठेवतात. काळा थर निघतो, कारण गंधक अॅल्युमिनियमकडे जातं. पण नक्षीच्या खोबणीतला काळेपणा सगळा घालवू नका. त्या सावलीमुळेच पाकळी उठून दिसते. खडे किंवा लाख असलेल्या वस्तूंना हा उपाय नको.

शिक्षकांसाठी

चांदी नसली तरी हा पाठ होतो. पितळी डबा, तांब्याचा बंब, लोखंडी अडकित्ता, काहीही चालेल. पुण्याला सहल गेली तर राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवा. तिथे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तूंचाच संग्रह आहे. जाण्याआधी मुलांना चारच प्रश्न द्या : कशासाठी केलं? कशाचं केलं? कसं केलं? करणाऱ्याचा हात कुठे दिसतो?

मूल्यमापन म्हणून मी मुलांना घरच्या एका भांड्यावर दहा ओळी लिहायला दिल्या. "छान"वर बंदी होतीच. एका मुलीने पितळेच्या पातेल्यावर लिहिलं, की त्याच्या एका बाजूला पोचा आहे आणि तो तिची आई लहान असताना पडला होता, आईनेच पाडला होता, आणि ही गोष्ट आईने तिला पहिल्यांदाच सांगितली.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय शोधलं ते जरूर कळवा.